दौलतरावांचा पश्चात्ताप

नाटक ललितापंचमीला संपलं, पण प्रेक्षक काही घरी जायला तयार नव्हते.

म्हणजे मंडळाच्या हॉलमधून ते साडेसहालाच गेले. सातला तिथं भजन होतं, त्यामुळे मंडळाचा हॉल आणि पडदा सांभाळणाऱ्या भीमरावांनी त्यांना अक्षरशः हाकलून काढलं. पण तिथून निघाले ते थेट शालिनीच्या घरात शिरले, आणि दसरा उजाडला तरी हलेनात. कुणी जिन्यात भेटे, कुणी नळावर, कुणी खाली दुकानात खण बघता बघता. आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तेच: अरेरे, किती गुणी पोरगं होतं हो!

पोरगं म्हणजे दत्तूअण्णा, शालिनीचा चुलतभाऊ. तो चांगला जिवंत होता. आज सकाळीच त्यानं तिच्या ताटातली पुरी पळवली होती. पण ‘सोनगिरीचा दसरा’ ह्या ऐतिहासिक नाटकात तो झाला होता तरुण राजा जयसिंगराव, आणि त्या राजाचा भर दरबारात खून होतो. खुनाचा कट ठाऊक असूनही गप्प बसणारे, दसऱ्याचं सोनं देऊन पुतण्याला मिठीत घेणारे आणि त्याच मिठीत मारेकऱ्यांच्या हवाली करणारे दिवाण दौलतराव झाले होते शालिनीचे अप्पा. म्हणजे दत्तूअण्णाचे खरेखुरे, सख्खे काका. ही पात्रं वाटणाऱ्या मास्तरांना शालिनी गेले पाच दिवस मनातल्या मनात बाकावर उभं करत होती.

दूधवाली तानूबाई तर अप्पांच्या हातात चरवीच देईना. अप्पा पुढे झाले की ती चरवी खाली उंबऱ्यावर ठेवायची आणि पदर सावरून दोन पावलं मागं सरायची.

“तानूबाई, अहो ते नाटक होतं,” शालिनी आज चौथ्यांदा म्हणाली.

“व्हय की. म्या कुटं न्हाई म्हनलं?” तानूबाई शांतपणे दूध मापत म्हणाली. “पर बाय, पोराला असं छातीशी धरताना त्येंचा हात कसा कापला न्हाई?”

“अप्पांनी मारलंच नाही! मारेकऱ्यांनी मारलं!”

“आनि मारेकऱ्यांना वाट कुनी दिली? म्या फुडंच बसले हुते, सगळं बगितलं.” मग आवाज खाली आणून, “तुज्या चुलतीला सांग, पोराला जप म्हनावं. बिनबापाचं हाय.”

शालिनीनं दूध उचललं आणि पाय आपटत जिना चढली. पूर्वीची शालिनी असती तर नुसती रडली असती. पण ही शालिनी दहावीत होती, हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत वक्तृत्वाचा कप तिच्या हातात आला होता, आणि मुख्य म्हणजे मंडळाच्या चौतीस वर्षांतली ती पहिली मुलगी प्रॉम्प्टर होती. अख्खं नाटक तिला तोंडपाठ होतं. कोण कुठं अडतं, कुणाला पहिला शब्द पुरतो आणि कुणाला पूर्ण वाक्य द्यावं लागतं, सगळं ती जाणून होती. विंगेत उभं राहून तिनं एक संस्थान चालवलं होतं. आता तिला एक गल्ली आवरत नव्हती.

सगळा घोटाळा केला आहेरानं. हुबळीत नाटक म्हटलं की आहेर आलाच. नाटक रंगात आलं की नटांचे नातेवाईक स्टेजवर चढतात, टोपी-टॉवेल देतात, हार घालतात, आणि माईकवर नाव पुकारलं गेल्याशिवाय खाली उतरत नाहीत. राजा असो की राक्षस, त्यानं नमस्कार करून आहेर घ्यायचा आणि मग अडलेलं वाक्य पुढं चालवायचं. तर खुनाच्या ऐन प्रवेशात, अप्पांनी दत्तूअण्णाला मिठीत घेतलेलं, मागं दोन मारेकरी खंजीर उगारून उभे, आणि प्रेक्षकांतून बाया उठल्या. “अय्यो पापी, बिडो अवन्न!” कुणीतरी कानडीत ओरडलं, अरे पाप्या, सोड त्याला! आणि धडाधड आहेर सुरू झाले. सगळे राजाला! जूनमध्ये क्रिकेटचा वर्ल्ड कप आला तेव्हाही गल्लीत एवढ्या शिट्ट्या वाजल्या नव्हत्या. सतरा टॉवेल, नऊ नारळ, एक फाउंटन पेन. मारेकऱ्यांचे हात भरून आले तेव्हा त्यांनी खंजीर खाली केले. अप्पांना कुणी साधं फूलसुद्धा दिलं नाही.

शेवटचा आहेर घेऊन आला मारुतीमामा, दत्तूअण्णाचा अळणावरचा मामा. लाकडाच्या वखारीवर कामगारांना हाका मारून मारून त्याचा आवाज असा झाला होता की त्याला माईक लागतच नसे. तरी त्यानं माईक घेतला.

“माझ्या भाच्याला बाप नाही,” तो म्हणाला. “नाटकातल्या काकानं जे केलं ते केलं. खऱ्या काकानं तरी पोराला मोकळं करावं, एवढंच बोलून मी आपली रजा घेतो.”

आणि टाळ्या! घरच्या खाजगी गोष्टीवर सहाशे माणसांच्या टाळ्या!

ह्या सगळ्यात अर्धा तास गेला. त्यामुळे खून झाला न झाला तोच भीमरावांनी घड्याळ बघितलं आणि पडदा पाडला. वास्तविक त्यापुढंच खरं नाटक होतं. दौलतराव प्रेताजवळ गुडघे टेकतात आणि दोन पानं पश्चात्ताप करतात. अप्पांनी दीड महिना ती दोन पानं घोटली होती. शालिनी विंगेतून ओरडत होती, “भीमराव, पश्चात्ताप राहिला! पश्चात्ताप!” आणि भीमराव दोर बांधत म्हणत होते, “अगं, भजनवाले टाळ घेऊन दारात उभे आहेत. पश्चात्ताप पुढच्या वर्षी बघू.”

त्यामुळे हुबळीतल्या सहाशे लोकांच्या मते दौलतरावांना कसलाच पश्चात्ताप झाला नव्हता.

काल खंडेनवमीला दुकानातला कापड मोजायचा गज, कात्री, सगळं देवापुढं मांडून झालं होतं. आज दुपारी आईनं ते शालिनीच्या हाती दिलं. “खाली नेऊन अप्पांच्या मेजाच्या खणात ठेव. आणि तोंड नीट कर बाई. संध्याकाळी मारुतीमामा येणार आहेत. दत्तूला आणि त्याच्या आईला घेऊन जाणार म्हणतात.”

“घेऊन म्हणजे? कायमचं?”

“वखारीवर ठेवून घेतो म्हणाले दत्तूला. अक्काही भावापुढं काही बोलत नाहीत. धारवाडजवळच्या त्या बेलूरच्या कारखान्याकडून उत्तर आलं असतं तर गोष्ट वेगळी होती. इथं राहून बसनं जाऊन-येऊन केलं असतं त्यानं.” आईनं खसकन कढई पुढं ओढली. “पण ना त्यांचं उत्तर आलं, ना ह्या घरात कुणी कुणाशी सरळ बोलतंय. सगळी नाटकं.”

शालिनी जिना उतरताना संतापानं नुसती उकळत होती. दुकानाच्या फळ्या आज अर्ध्याच उघड्या होत्या. आत झेंडूचा वास. बाहेर पाटीवर ‘हणमंत बाळकृष्ण वस्त्र भांडार’. हणमंत म्हणजे दत्तूअण्णाचे वडील, बाळकृष्ण म्हणजे अप्पा. हणमंतकाका जाऊन सात वर्षं झाली, तरी अप्पा दर दिवाळीला पाटी रंगवून घ्यायचे आणि रंगाऱ्याला बजावायचे, पहिलं नाव ठळक काढ. आणि हा माणूस म्हणे पुतण्याला कोंडून ठेवतो!

फळीबाहेर भीमराव उभे होते, हातात बन्नीची, म्हणजे शमीच्या सोन्याची जुडी.

“बाळकृष्णराव नाहीत? चुकलंच आमचं पोरी. त्यांनी काम फार चांगलं केलं, तिथंच चुकलं.”

“भीमराव, माझे अप्पा कुणापासून काही लपवत नाहीत! त्यांच्या मनात एक नि ओठांत एक असं कधी नसतं! सांगा सगळ्यांना!”

“सांगतो बाई. ओरडू नको. तुझा आवाज आता विंगेतला राहिला नाही.” भीमराव हसत निघून गेले.

तिनं मेजाचा खण ओढला. गज आत जाईना, कारण खाली अप्पांची वही आडवी पडली होती, नाटकाची वही. तिनं ती उचलली आणि वहीतून एक लांबट पाकीट घसरून पायाशी पडलं. वर टाइप केलेलं नाव: श्री. दत्तात्रेय हणमंत. पाकीट फोडलेलं होतं.

आतला कागद इंग्रजीत होता. बेलूर औद्योगिक वसाहत, धारवाड. स्टोअर कीपरच्या जागेसाठी मुलाखत. येत्या सोमवारी, सकाळी दहा वाजता. शालिनीनं तो दोनदा वाचला. पोस्टाचा शिक्का गणपतीच्या दिवसांतला होता.

ती कापडाच्या गठ्ठ्यावर बसली. आधी तिला वाटलं, कुणीतरी चुकून ठेवलं असेल. मग आठवलं. तालमी श्रावणात सुरू झाल्या तेव्हा अप्पा पश्चात्तापाची दोन्ही पानं घडाघडा म्हणायचे. अडायला लागले ते गणपतीनंतर, आणि रोज एकाच ठिकाणी. ‘राजे, मी शस्त्र उचललं नाही. पण—’ इथं त्यांचा आवाज बंद व्हायचा. शालिनी विंगेतून वाक्य द्यायची, ‘मला ठाऊक होतं, आणि मी गप्प राहिलो.’ रोज. तिला वाटायचं, अप्पांचं वय झालं.

पाच दिवस! पाच दिवस ती ह्या माणसासाठी दूधवालीशी भांडली, नळावर भांडली, आत्ता दहा मिनिटांपूर्वी भीमरावांवर ओरडली. तिला अप्पांचा इतका राग आला की गज हातात घेऊन तिनं गठ्ठ्यावर दोन तडाखे हाणले. मग पाकीट परत वहीत घातलं आणि वही परकराच्या ओच्यात खोचली.

दिवे लागायच्या वेळेला मारुतीमामा आला, मागं हमाल, हमालाच्या डोक्यावर रिकामी ट्रंक. रिकामी आणायची आणि भरून न्यायची. माजघरात सतरंजी अंथरली होती. अप्पा भिंतीला टेकून बसले होते, अंगात नवा सदरा, नजर सतरंजीवर. दत्तूअण्णा दारात. दोड्डव्वा, म्हणजे दत्तूअण्णाची आई भागीरथी, खांबाजवळ. शालिनी तिला लहानपणापासून कानडीतच दोड्डव्वा म्हणे, मोठी आई. शालिनी स्वतः स्वयंपाकघराच्या पडद्यामागे होती, बन्नीचं तबक घेऊन. तिथून सगळे दिसत होते. जागा अगदी विंगेसारखी होती.

“बाळकृष्णराव, भांडायला आलेलो नाही,” मामा म्हणाला, म्हणजे भांडायलाच आला होता. “पण अळणावरच्या बसस्टँडवर लोक मला विचारतात, तुमच्या भाच्याचं काय? मी काय सांगू?”

“सांग की, नाटकात मेला आणि घरी येऊन भात जेवला,” दोड्डव्वा म्हणाली. “सगळी गल्ली पाच दिवस मला मिठ्या मारून रडतेय. माझा मुलगा जिवंत आहे म्हटलं तर म्हणतात, होय हो भागीरथीबाई, देवाची कृपा. साकु, पुरे झालं आता मला.”

“अक्का, लोकं येडी नाहीत. काहीतरी दिसल्याशिवाय सहाशे लोकं टाळ्या वाजवतात?”

“तुझा आवाज ऐकून वाजवल्या. तू बोलायचा थांबावास म्हणून.”

एरवी शालिनी खुदकन हसली असती. मामा मात्र हटला नाही. “पोरगा बावीस वर्षांचा झाला. ग्रॅज्युएट. इथं दिवसभर खण उलगडतो नि घडी घालतो. ह्यानं करायचं काय आयुष्यात?”

“मामा, काकांना बोलू नका,” दत्तूअण्णा म्हणाला. “बेलूरच्या अर्जावर शिफारस मागायला काका स्वतः सुभाष रोडवर कारखान्यातल्या एका साहेबांच्या घरी तीनदा गेले. उत्तर नाही आलं, तर ते काय करणार? मलाच घेतलं नसेल त्यांनी. माझ्यातच काही कमी असेल.” त्यानं सदऱ्याची बाही वर सारली, परत खाली ओढली. “म्हणून म्हणतो, वखारीवर जातो. इथं बसून तरी काय? दुकानात बाया येतात त्या माझ्याकडं बघून डोळे पुसतात.”

“दत्तू,” अप्पा म्हणाले.

नजर अजून सतरंजीवरच होती.

“तुझ्यात काही कमी नाही.”

“मग काय काका?”

 अप्पांच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांवर फिरायला लागला. शालिनीला तो अंगठा माहीत होता. अगदी तिथंच, त्याच वाक्यापाशी तो फिरायचा. आता अप्पांची मान हळूच डावीकडं वळणार, विंगेकडं. वळली. अप्पा पडद्याकडं बघत होते.

 तिनं हे वाक्य दिलं नसतं तर कुणालाही कळलं नसतं. मामा ट्रंक भरून घेऊन गेला असता, गल्ली समाधानानं झोपली असती, आणि अप्पा दर दिवाळीला पाटी रंगवत राहिले असते. आणि दत्तूअण्णा अळणावरला सागाच्या ओंडक्यांवर खडूनं आकडे घालत जन्मभर समजत राहिला असता की आपल्यातच काही कमी आहे.

“मला ठाऊक होतं,” ती पडद्याआडून म्हणाली, प्रॉम्प्टरच्या आवाजात, जो फक्त नटाला ऐकू जातो.

अप्पांनी डोळे मिटले.

“मला ठाऊक होतं,” ते मोठ्यानं म्हणाले. “पत्र आलंय, दत्तू. गणपतीतच आलं. सोमवारी मुलाखत आहे. मी फोडलं, वाचलं आणि गप्प राहिलो.”

ट्रंकेवर हात टेकून उभा असलेला हमालसुद्धा सरळ झाला.

“बघा!” मारुतीमामा गरजला. “बघा! लोकांना दिसत होतं! मी म्हणालो नव्हतो? सहाशे लोकं—”

“मारुती, तू आधी खाली बस,” दोड्डव्वा म्हणाली, आणि तो बसला. मग ती अप्पांकडं वळली. “भावजी, का?”

“काय सांगू वहिनी.” अप्पांचा आवाज नाटकात कधी झाला नव्हता असा बारीक झाला होता. “दादा गेला तेव्हा पाटीवरचं एक नाव गेलं. हा गेला की दुसरं कशासाठी ठेवायचं? म्हटलं, सोमवार टळू दे. मग आपोआप राहील इथं. आणि तो तर...” त्यांनी ट्रंकेकडं बघितलं.

“आणि तो तर अळणावरला निघाला,” आईनं स्वयंपाकघरातून वाक्य पुरं केलं. “बेलूरला गेला असता तर रात्री घरी आला असता. शाब्बास! तुमच्या डोक्याची कमाल आहे हो.”

शालिनी पडदा सारून बाहेर आली. ओच्यातली वही काढली आणि पाकीट दत्तूअण्णासमोर धरलं. तिच्याकडं न बघता त्यानं ते घेतलं, कागद उलगडला, दिव्याखाली जाऊन वाचला. खूप वेळ वाचला. एवढा मजकूर नव्हता त्यात.

“तू कधी बघितलंस?” त्यानं विचारलं.

“दुपारी.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

 खरंच की. दुपारपासून दिवे लागेपर्यंत, अख्खे चार तास, ती गप्प राहिली होती. अप्पांनी आधी सांगावं म्हणून. की अप्पांचं नाव राहावं म्हणून? दुपारी अप्पांवर आलेला राग आता कुठं टाकावा ते तिला कळेना.

“सॉरी, अण्णा,” ती म्हणाली. वक्तृत्वाच्या कपाचा काही उपयोग झाला नाही.

दत्तूअण्णानं पत्राची घडी घातली, खणाची घालतात तशी, कडेला कड जुळवून, आणि खिशात ठेवली. मग तबकातली बन्नीची पानं उचलून तो अप्पांसमोर उभा राहिला. दसऱ्याला धाकट्यानं मोठ्याला बन्नी द्यायची आणि वाकायचं. तो वाकला नाही.

“काका, त्या दिवशी तुमची दोन पानं राहिली.”

“हं.”

“मी स्टेजवर मेलेला पडून वाट बघत होतो. पाठीखाली नारळ होता कुणाचा तरी. म्हटलं, आता काका बोलतील. आणि पडदाच पडला.” त्यानं खिशातल्या पत्रावर हात ठेवला. “सोमवारी मी जाणारच. घेतलं तर ठीक, नाही घेतलं तर पुढचं मी बघीन. वखारीवर जायचं की दुकानात बसायचं, तेही मीच ठरवीन. पण त्याआधी मला ते ऐकायचंय. म्हणा.”

“आत्ता?”

“आत्ता. बन्नी मग देतो.”

मारुतीमामा ट्रंकेवर बसून राहिला. दोड्डव्वानं पदर तोंडाशी नेला. आई कढई सोडून दारात आली. अप्पा भिंतीचा आधार घेत उठले, आणि शालिनीनं सवयीनं वही उघडली, पान चौपन्न, बोट पहिल्या शब्दावर. राजे, मी शस्त्र उचललं नाही.

“दत्तू,” अप्पा म्हणाले, “तुझा बाप गेला त्या दिवशी तू माझा सदरा धरून झोपला होतास...”

शालिनीनं घाईघाईनं पान उलटलं, आणखी एक उलटलं, परत मागं आली. मग तिनं वही मिटली. ह्यापुढं अप्पा कुठं अडले तर काय सांगायचं, ते तिला ठाऊक नव्हतं.